विहिरीच्या काठावरचा तास : माण तालुक्यातल्या एका वर्गाचं प्रकरण

कॉलेजच्या वर्गाला घेऊन एका गावाची पाहणी करायला निघालो, तेव्हा आमच्या फॉर्मवर ४८ प्रश्न होते. घरात माणसं किती, शिक्षण किती, जमीन किती, गॅस आहे का, पाणी कुठून आणता. पहिल्या दिवशी चौघाचौघांचे गट करून मुलं वस्तीत शिरली आणि पाऊण तासात एक गट माझ्याकडे परत आला. ओट्यावर शेंगा निवडत बसलेल्या एका आजींना त्यांनी प्रश्न विचारायला घेतले होते. आजींनी तीन प्रश्नांची उत्तरं दिली आणि हातातलं सूप खाली ठेवून म्हणाल्या, "दरसाल कुणी ना कुणी येतंय आन् लिवून न्हेतंय. त्याचं पुढं काय हुतंय ते एकदा सांगा, मग म्होरलं इचारा."

मुलांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. खरं सांगायचं तर तो फॉर्म मी आधीच्या एका पाहणीतून उचलला होता, प्रश्नांचा क्रमसुद्धा तोच होता. भरलेले फॉर्म मोजायचे, तक्ते करायचे, चार पानं निष्कर्ष लिहायचे, बाइंडिंग करून विभागात ठेवायचे. आजींचा प्रश्न त्या बाइंडिंगच्या पुढचा होता.

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातलं हे प्रकरण आहे. गावाचं आणि कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे येतं त्यात लोकांच्या विहिरी आणि घरातली भांडणं आहेत. मी भूगोल शिकवतो. वर्ग द्वितीय वर्ष कला शाखेचा, चौथं सत्र, ४२ मुलं-मुली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर महाराष्ट्रात पदवीचा जो नवा आराखडा आला, त्यात या सत्रात समुदाय सहभाग प्रकल्प आहे. मुलांच्या तोंडी 'सीईपी'. त्याला दोन क्रेडिट, आणि अशा कामात एका क्रेडिटला ३० तास. म्हणजे ६० तास गावात किंवा गावासाठी घालवायचे.

आधी मुलांना काय वाटत होतं

सत्र सुरू होताना मी सगळ्यांना एक कोरं पान दिलं. नाव लिहू नका, या विषयाबद्दल खरं काय वाटतं ते लिहा.

बऱ्याच जणांनी लिहिलं की हे सोपे मार्क आहेत. वरच्या वर्गातल्या मुलांकडून ऐकलेलं होतं : दोनदा गावात जायचं, बॅनर धरून जिओटॅग फोटो काढायचे, एकानं रिपोर्ट टाइप करायचा आणि बाकीच्यांनी झेरॉक्स मारायची. हे वाचून मला राग आला नाही. आपणच त्यांना असं शिकवत आलो आहोत.

दुसरा सूर वेळेचा. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं पहाटे ग्राउंडवर असतात आणि दुपारी अभ्यासिकेत. काही जण मेडिकलमध्ये, मोबाइलच्या दुकानात, पंपावर काम करून शिकतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. त्या परंपरेतली 'कमवा आणि शिका' ही योजना आमच्या जिल्ह्याला कुणी बाहेरून येऊन सांगायला नको. पण त्या मुलांचं कमावणं हाच गावाशी असलेला त्यांचा संबंध आहे आणि तो कुठल्याच क्रेडिटमध्ये मोजला जात नाही, हे एका पानावर फार साध्या शब्दांत लिहिलं होतं.

मुलींच्या पानांवर परवानगीचा विषय होता. कॉलेजला जायची परवानगी म्हणजे कॉलेजच्या फाटकाच्या आत असायची परवानगी. दुसऱ्या गावात, रानात, मुलांच्या गटाबरोबर जायचं तर ती नव्यानं मागावी लागते. "तिथं आमचे पावणे आहेत" असंही एकीनं लिहिलं होतं. म्हणजे ओळखीचं गाव असेल तर जाणं सोपं होईल असं मला वाटायचं, तिच्यासाठी ते उलटं होतं.

राष्ट्रीय सेवा योजनेत असलेल्या मुलांना शिबिर आठवत होतं. १९६९ पासून चालत आलेल्या या योजनेत दोन वर्षांत २४० तासांचं काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. ते मुलांना आवडतं. सगळे एकत्र राहतात, श्रमदान होतं, रात्री पथनाट्य बसवतात. "तसंच करा ना सर," असं त्यांचं म्हणणं होतं. शिबिराबद्दल मला आदरच आहे. आमच्या भागात समतल चर खोदायला लोक कसे उतरतात ते या मुलांनी लहानपणी पाहिलंय. गावागावांत जलसंधारणाची स्पर्धा लावणाऱ्या वॉटर कपचा २०१८ चा पहिला क्रमांक माणमधल्याच टाकेवाडीला गेला होता. पण शिबिरात काय करायचं ते आधी ठरलेलं असतं, मुलं फक्त हात देतात.

आणि एक पान असं होतं की ते मी आजही टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. त्यावर एवढंच होतं : "आम्ही गावातच राहतो. गाव बघायला कॉलेजनं आम्हाला गावात का न्यायचं?"

या वाक्याला उत्तर द्यायला मला पूर्ण सत्र लागलं. मुलं एका बाजूला, समाज दुसऱ्या बाजूला, आणि मधे कॉलेज पूल बांधणार, असं धरून हा विषय आखलेला आहे. पुण्या-मुंबईच्या कॉलेजात ते बसतही असेल. माझ्या वर्गातली मुलं रोज सकाळी त्या समाजातूनच एसटीनं येतात आणि दुपारी परत त्यातच जातात. २०१९ च्या दुष्काळात यांच्यातली कितीतरी पोरं जनावरांबरोबर चारा छावणीत राहिली आहेत, तिथल्या ताडपत्रीखाली शाळेचा अभ्यास केला आहे. त्यांना मी ४८ प्रश्नांचा फॉर्म देऊन 'समुदाय' दाखवायला निघालो होतो.

आजींच्या प्रश्नानंतरचा दिवस

दुसऱ्या दिवशी वर्गात वाद झाला. एक मुलगा म्हणाला की गावात आभार नाहीतच, आपण त्यांच्यासाठी जातोय. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. ती त्याच गावची. पहिल्या दिवशी ती गैरहजर होती आणि मी तसा शेरा मारला होता.

"सर, त्या आजी आमच्या भावकीतल्या आहेत. मी मुद्दाम नाही आले. आपल्या वर्गाबरोबर आपल्याच गल्लीत जाऊन, घरात संडास आहे का विचारायचं? मला ते जमलं नसतं."

वर्ग गप्प झाला. गैरहजेरीचा शेरा मी तिथल्या तिथे खोडला. मग तिलाच विचारलं, गावाला काही माहिती हवी असेल तर ती कुठली? ती म्हणाली, ते मी कशी सांगू, विचारूया.

विचारायला आम्ही सातच जण गेलो. फॉर्म नाही, बॅनर नाही. चावडीपुढच्या पारावर संध्याकाळी बसलो. तासभर रस्ता, एसटीची फेरी, जिल्हा परिषदेच्या शाळेची गळकी खोली असं सगळं निघालं. मग बचत गटाच्या एका काकूंनी मुद्द्याला हात घातला : पाऊस बरा झाला तरी नळपाणी योजनेची विहीर फाल्गुनातच तळ का गाठते? पहिल्यांदा चैत्रापर्यंत तरी चिंता नसायची, असं त्यांचं म्हणणं. पारावरच्या पुरुषांनी चार वेगवेगळी कारणं सांगितली आणि प्रत्येकाच्या कारणात दोष दुसऱ्याचा होता.

हा प्रश्न भूगोलाच्या वर्गाला पेलणारा होता. फॉर्म रद्द केले.

मोजणी

गावातल्या ११ विहिरी निवडल्या, त्यात नळपाण्याची एक. दर रविवारी प्रत्येक विहिरीचं कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं. साधन म्हणजे गवंड्याचा टेप आणि टोकाला बांधलेला नट-बोल्ट. टेपच्या खालच्या दोन मीटरला खडू फासायचा, बोल्ट पाण्यात बुडेपर्यंत सोडायचा, वर ओढून खडू कुठपर्यंत भिजला ते बघायचं. कठड्यावर एकाच जागी रंगाची खूण, दर वेळी तिथूनच मोजायचं. एक मुलगा टेप धरतो, दुसरा त्याची कंबर धरतो, तिसरी वहीत लिहिते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या महिन्यांत. पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत आहे. ती एक ओळ म्हणजे कुणीतरी असं वाकून बघणं असतं, हे मुलांना पहिल्या रविवारी कळलं.

शेतकरी मीटरमध्ये बोलत नव्हते. "सात परस हाय," म्हणायचे. परस म्हणजे हात वर केलेल्या माणसाची उंची, सहा-सात फूट. वर्गातल्या अनेकांनी हा शब्द घरी ऐकला होता, पण तो वहीत लिहिण्याजोगा आहे असं त्यांना वाटलं नव्हतं. आम्ही तक्त्यात दोन रकाने केले, एक मीटरचा आणि एक परसाचा. परसाचा रकाना बघून म्हातारी माणसं वही हातात घेऊ लागली, चष्मा लावून आकडे तपासू लागली. एका आबांनी तर स्वतःच्या विहिरीचा आकडा चुकीचा आहे म्हणून मुलांना परत मोजायला लावलं. आकडा खरंच चुकला होता, बोल्ट पायरीवर टेकला होता.

पहिल्या दोन आठवड्यांचे आकडे मला समजेनात. एका विहिरीचं पाणी आठ दिवसांत सव्वा मीटर खाली गेलं आणि पुढच्या रविवारी परत वर आलं. मधे पाऊस नाही, कालवा नाही. मोजण्यात चूक असेल म्हणून मी ते आकडे बाजूला काढायला सांगत होतो. वर्गात कधीच न बोलणारा एक मुलगा, ज्याला मी दीड वर्षात एकदाही उत्तरासाठी उठवलं नव्हतं, तो म्हणाला, "चूक नाय सर. गेल्या हप्त्यात लाइट दिवसाची होती, ह्या हप्त्यात रातची हाय. तवा सकाळी मोटर चालू असताना मोजलं, आता मोटर बंद झाल्यावर मोजलं."

शेतीच्या थ्री फेज विजेच्या वेळा आठवड्याआड बदलतात, कधी दिवसा, कधी रात्री. हे मला माहीत होतं. माझ्या आकड्यांत ते शिरलंय हे मात्र दिसलं नव्हतं. त्यानंतर मोजणीची वेळ त्यानंच ठरवली : मोटर बंद होऊन निदान सहा तास झाल्यावर. पुढच्या रविवारपासून गटातली मुलं काहीही अडलं की माझ्याकडे यायच्या आधी त्याच्याकडे जायची. त्या सत्रात त्याची हजेरी पूर्ण होती.

फळ्यावरचं गणित

फेब्रुवारीत आम्ही गावाच्या पाण्याचा ताळेबंद, म्हणजे किती आलं आणि किती खर्च झालं याचा हिशेब, मांडायला घेतला. हा शब्द आता महाराष्ट्रात नवा नाही. पाण्याच्या कामासाठी नाव झालेल्या हिवरे बाजार गावानं तो गावकीच्या भाषेत आणला आणि पुढे केंद्राच्या अटल भूजल योजनेनंही उचलला. पण दुसऱ्याचा ताळेबंद वाचणं वेगळं आणि आपल्या शिवाराचा फळ्यावर उतरवणं वेगळं.

एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. मी एवढंच सांगितलं आणि पुढून आवाज आला, "म्हणजे एक टँकर." टँकर आमच्याकडे सगळ्यांनी पाहिलेला आहे, म्हणून नंतरचं सगळं गणित टँकरमध्ये पटापट कळत गेलं. गावाचं क्षेत्र साधारण ९०० हेक्टर, त्या वर्षीचा पाऊस ४५० मिलिमीटरच्या आसपास. गुणाकार ४०५ कोटी लिटर. आकडा बघून वर्गात शिट्टी वाजली. मग वजाबाकी सुरू झाली : उन्हानं उडतं, ओढ्यानं जातं, मातीत ओल म्हणून राहतं आणि त्यावर बाजरी-ज्वारी येते. आपल्या काळ्या कातळात मुरतं ते ढोबळमानानं दहावा हिस्सा. म्हणजे विहिरींचं धन साधारण ४० कोटी लिटर.

खर्चाची बाजू. लोकवस्ती १,८००, माणशी दिवसाला ५५ लिटर, जल जीवन मिशनचं तेच प्रमाण आहे. वर्षाचे ३ कोटी ६० लाख लिटर. मोठी जनावरं सहाशेच्या घरात, त्यांना सव्वा कोटीपेक्षा कमी. आणि ऊस चाळीस एकर.

उसाला वर्षाला साधारण दोन हजार मिलिमीटर पाणी लागतं असं धरून मी लिहायला लागलो, तोच लाइटचं गणित सांगणारा मुलगा म्हणाला की पाऊस उसावरबी पडतो, तो वजा करा. बरोबर होतं. ४५० वजा केले. १,५५० मिलिमीटर म्हणजे हेक्टरी १ कोटी ५५ लाख लिटर. चाळीस एकर म्हणजे १६ हेक्टर. जवळजवळ २५ कोटी.

वर्गातल्या एका मुलीनं वहीच्या मागच्या पानावर उलटा भागाकार केला आणि हात वर केला. सहा एकर उसाला विहिरीतून जेवढं पाणी लागतं, तेवढं अख्ख्या गावाला वर्षभर प्यायला, धुवायला आणि आंघोळीला पुरतं.

मला वाटलं, आता तास जिंकला. तेवढ्यात खिडकीजवळचा एक मुलगा उठला. तोही त्याच परिसरातला, त्याच्या घरी ऊस. "सर, म्हणजे माझा बाप चोर आहे का?"

त्याचा आवाज कापत होता. आकड्यांच्या नादात वर्गात बसलेलं घर मला दिसलं नाही. त्या दिवशीचा उरलेला तास आणि पुढचा आख्खा तास त्याला दिला. त्यानं घरचा हिशेब मांडला : कांदा दोन वर्षं तोट्यात गेला, ज्वारी पाखरं खातात आणि काढायला माणूस मिळत नाही. उसाला एफआरपी आहे, म्हणजे कारखान्यानं द्यायचाच असा सरकारनं ठरवलेला किमान भाव. २०२४-२५ च्या हंगामाला केंद्रानं ती टनाला ३,४०० रुपये ठरवली होती. पैसे उशिरा का होईना, येतात. बहिणीचं लग्न त्या पैशांवर झालं. "कांद्याला असा बांधलेला भाव द्या, आम्ही उद्या ऊस मोडतो." फळ्यावर एका बाजूला लिटर होते, दुसऱ्या बाजूला त्यानं रुपये लिहिले. मी दोन्ही बाजू पुसू दिल्या नाहीत, सफाईवाल्या मावशींना सांगून आठवडाभर तशाच ठेवल्या.

आमच्या वर्गाचं मत तिथं फिरलं असं मी मानतो. त्यानंतर रोजनिशीत 'गावकऱ्यांमध्ये जागृती नाही' हे वाक्य जवळजवळ दिसेनासं झालं. आधी ते पानोपानी होतं.

जे नीट झालं नाही

साठ तास कागदावर सोपे दिसतात. गावाला जाणारी एसटी सकाळी एक, संध्याकाळी एक. मधली वेळ काढायची कुठे? मुलांनी दुचाकीवर तिघं बसून येणं सुरू केलं, ते मला थांबवावं लागलं. मुलींसाठी रानात स्वच्छतागृह नव्हतं आणि ही गोष्ट मला तिसऱ्या आठवड्यात कळली, तीही एका मुलीच्या आईनं फोन केला म्हणून. तोपर्यंत मुली सकाळपासून पाणी पीत नव्हत्या, पाणी मोजायला जाताना. याची मला फार लाज वाटली. मग अंगणवाडीच्या सेविका ताईंनी किल्ली दिली आणि मोजणीच्या फेऱ्या अंगणवाडीभोवती आखल्या.

दुकानात काम करणाऱ्या दोघांना रविवार जमत नव्हता. त्यांना तलाठी कार्यालयातून पीक पाहणीचे आकडे उतरवायचं काम दिलं. ते त्यांनी चोख केलं, पण शेवटी त्यांनी लिहिलं की आम्ही विहीर पाहिलीच नाही. त्यांची तक्रार रास्त आहे.

मार्कांचा प्रश्न सगळ्यात अवघड गेला. चांगला रिपोर्ट लिहिणाऱ्याला जास्त द्यायचे की मोटर बंद व्हायची वेळ ओळखणाऱ्याला? छापील मूल्यमापन पत्रकात सादरीकरणाला रकाना होता, निरीक्षणाला नव्हता. मी व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, विहिरीवर घेतला. टेप हातात द्यायचा, मोजायला सांगायचं आणि आकडा असा का आला ते विचारायचं. इंग्रजीला घाबरणारी पोरं तिथं मोकळेपणानं बोलली. ज्यांचं लेखन उत्तम त्यांतली दोन-तीन जण नाराज झाली, आणि त्यांना मी पटवून देऊ शकलो नाही.

एप्रिलमध्ये यात्रा आली, दोन रविवार गेले. तक्त्यात ते दोन रकाने रिकामेच ठेवले. अंदाजानं भरू का, असं एकानं विचारलं तेव्हा बाकीच्यांनीच त्याला गप्प केलं.

एक मे

सत्र एप्रिलमध्ये संपलं, मार्क भरून गेले. विहिरीचं पाणी मात्र मेमध्ये सगळ्यात खाली असतं आणि महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा एक मेला असते. सीईपी म्हणून त्या दिवशी यायचं बंधन कुणावर नव्हतं. सतरा जण आले. भरतीवाले आले नाहीत, त्यांची मैदानी चाचणी जवळ आली होती. उसाच्या घरचा मुलगा आला.

मोजणी करताना आणखी एक गोष्ट सापडली होती आणि ती मांडायची की नाही यावर आदल्या दिवशी रात्रीपर्यंत ग्रुपवर चर्चा चालली. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विनापरवाना नवी विहीर काढायला १९९३ च्या कायद्यापासून मनाई आहे. नळपाण्याच्या विहिरीभोवती त्या अंतरात चार बोअर होते. फाल्गुनात पाणी का जातं, याचं बरंचसं उत्तर तिथं होतं. चारांपैकी एक बोअर वर्गातल्याच एकाच्या चुलत्यांचा. ठरलं असं, की नकाशा दाखवायचा, अंतर सांगायचं, कायदा सांगायचा, गट नंबर आणि नावं घ्यायची नाहीत. गावाला ती माहीतच आहेत.

तक्ता भिंतीला लावून त्या गावच्या मुलीनं वाचला. आधी घसा खाकरला, दोनदा पाणी प्यायली. सहा एकर उसाच्या आकड्याला बायकांच्या बाजूनं कुजबुज उठली. बोअरचा विषय निघाल्यावर पुरुषांच्या बाजूनं आवाज चढले, कॉलेजच्या पोरांनी गावच्या भानगडीत का पडावं, असंही कुणी म्हणालं. तेव्हा पहिल्या दिवशीच्या आजी मागून बोलल्या, "ती आपलीच पोर हाय. गप ऐका की."

निर्णय फार मोठा झाला नाही. बोअरबद्दल काहीच ठरलं नाही. नळपाण्याच्या विहिरीत आतल्या बाजूनं मीटरच्या आणि परसाच्या खुणा रंगवायच्या आणि दर रविवारचा आकडा चावडीच्या फळ्यावर लिहायचा, एवढं मंजूर झालं, तेही बचत गटाच्या काकूंनी रेटल्यामुळे. सभा उठल्यावर उसाच्या मुलाचे वडील माझ्याजवळ आले. ठिबक केलं तर तुमच्या त्या आकड्यातलं किती कमी होईल ते पोराकडून काढून द्या, म्हणाले.

शेवटची पानं

सत्र संपताना पुन्हा कोरं पान दिलं होतं. सगळे खूश होते असं अजिबात नाही. एकानं लिहिलं की साठ तासांत माझे दोन पेपरचे अभ्यास झाले असते आणि विहीर मोजून नोकरी लागत नाही. मी हे मत खोडून काढणार नाही, त्याच्या घरची परिस्थिती मला माहीत आहे. एका मुलीनं विचारलं होतं की गावानं ऐकलं नाही तर आपल्या कामाचा उपयोग काय. दुसरीनं लिहिलं की माझे वडील पहिल्यांदा माझ्या अभ्यासाबद्दल माझ्याशी अर्धा तास बोलले, कारण त्यांना परस कळतो. मोटरच्या वेळा सांगणाऱ्या मुलानं चारच ओळी लिहिल्या होत्या. त्यातली एक अशी, की मला जे येतं ते कॉलेजच्या विषयात बसतं हे माहीत नव्हतं.

आधीची पानं आणि नंतरची पानं शेजारी ठेवली तर एक फरक दिसतो. आधी सगळे वेळेबद्दल, मार्कांबद्दल, परवानगीबद्दल लिहीत होते, आणि त्या अडचणी नंतरही तशाच होत्या, एकही सुटली नव्हती. नंतरच्या पानांवर 'ते लोक' हा शब्द कमी झाला होता. ज्यांनी नाराजी लिहिली, त्यांनीसुद्धा नळपाण्याची विहीर 'आपली विहीर' अशीच लिहिली होती, त्या गावची नसताना. काचेखालच्या त्या पानाला मी आता एवढंच सांगू शकतो, की गाव दाखवायला तुम्हाला न्यायलाच नको होतं. तुम्हाला ठाऊक असलेलं गाव वर्गात आणायला हवं होतं, आणि ते करायला मला आजींनी अडवावं लागलं.

या वर्षीच्या आखणीत दोन गोष्टी बदलल्या आहेत. प्रश्न ठरवण्यासाठी पहिले पंधरा दिवस राखून ठेवलेत, त्या काळात कुणी काहीच भरून घ्यायचं नाही. आणि कामाला जाणाऱ्या मुलांसाठी मोजणीची एक फेरी संध्याकाळी ठेवली आहे. मूल्यमापन पत्रकात निरीक्षणाचा रकाना घालावा म्हणून अर्ज दिला आहे, उत्तर यायचं आहे.

ग्रुप अजून चालू आहे. मेच्या शेवटच्या रविवारी त्या गावच्या मुलीनं चावडीच्या फळ्याचा फोटो टाकला. तळाला दीड हात पाणी. खाली तिनं लिहिलं होतं, "उद्यापासून टँकर. बारा हजारचा." दोन मिनिटांनी मोटरच्या वेळा सांगणाऱ्याचं उत्तर आलं : "एका हेक्टरवर १.२ मिलिमीटर." पुढच्या रविवारी फळ्याचा पुन्हा फोटो आला, त्यात परसाचा आकडा आधी लिहिला होता.